आमच्या कॉलेजचा मोटरिंग क्लब कसा सुरू झाला, बंद पडला आणि परत उभा राहिला

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. इंजिनियरिंग कॉलेज नाही, साधं बीएस्सी-बीकॉमचं कॉलेज आहे. साखळीहून रोज स्कूटरने येते-जाते, पावसाळ्यातसुद्धा, त्यामुळे रस्ता आणि गाडी हा माझ्या रोजच्या जगण्यातलाच विषय. २०२२ मध्ये मुलांनी मोटरिंग क्लब काढायचं ठरवलं आणि इन्चार्ज म्हणून माझं नाव दिलं. त्यानंतर जे झालं ते सगळं इथे लिहून काढते, कारण दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक आणि मुलं फोन करून विचारतात की तुम्ही कसं केलंत, आणि फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं. मुलांची नावं घालत नाही, पण त्यांना विचारूनच लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगते. क्लबची सुरुवात राइडने करू नका. पहिले चार महिने गाडी उभी ठेवून जे करता येतं ते करा, आणि मग थांबायला शिका, म्हणजे खरोखर ब्रेक मारून थांबायला. आम्ही उलटं केलं आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली.

सुरुवात कशी झाली

आमच्या कॉलेजचं पार्किंग सकाळी सव्वाआठला फुल्ल असतं. सगळीकडे जीए ०५ च्या प्लेट, मधे मधे साखळी-डिचोलीकडच्या जीए ०४. गोव्यात गावातून निघणाऱ्या बसेस मोजक्या, संध्याकाळी लवकर बंद होणाऱ्या, प्रॅक्टिकल पाचला सुटलं की आडगावच्या पोरांना घरी जायला काही नाही. म्हणून बारावी झाली की घरात स्कूटर येते, आईची जुनी नाहीतर हप्त्यावरची नवी. तिच्याकडे हौस म्हणून कोणी बघत नाही, ती पोरांचे पाय आहे.

पण क्लबची कल्पना आली ती तिथून नाही. ती आली वागातोरहून. हिवाळ्यात तिथे इंडिया बाइक वीक भरायचा, रॉयल एनफिल्डवाल्यांचा मेळावा भरायचा, देशभरातून हजारो बाइक यायच्या, आणि आमची पोरं ते बघून आलेली. पहिल्या मीटिंगला अकरा मुलगे होते, सगळे दीडशे सीसीच्या वरच्या बाइकवाले. पोस्टरवर मोठी बाइक, घाटाचा फोटो. पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या मुलींच्या, मीटिंगला मुलगी एकही नाही. हे मला त्याच दिवशी दिसलं होतं आणि मी काही बोलले नाही, मला वाटलं सुरू तर होऊ दे.

प्रिन्सिपल सरांनी एकच प्रश्न विचारला, रेस लावणार का? पोरं एका सुरात म्हणाली, "सर, आमकां रेस नाका." सरांनी तोंडी परवानगी दिली. कागद एकही झाला नाही, नियम नाहीत, मेंबरांची यादी म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप.

तो रविवार

ऑगस्टमधला रविवार. नऊ बाइक, चौदा जण. सकाळी साडेसहाला फर्मागुढीला जमले आणि बोरी, शिरोडा, पंचवाडी, सावर्डे, सांगे करत नेत्रावळीला निघाले, पन्नासेक किलोमीटर. मी त्या दिवशी गेले नव्हते. सावर्ड्याला सगळ्यांनी भाजीपाव खाल्ला, तोपर्यंत सगळं व्यवस्थित. सांगे सोडल्यावर रस्ता रिकामा मिळाला आणि पुढचे सहा जण सुटले. कुणी रेस लावली नव्हती, हे मी आजही खात्रीने सांगते, पण ग्रुपमधे मागे पडू नये म्हणून मागचा माणूस स्वतःच्या वेगापेक्षा पाच-सात किलोमीटर जास्तच चालवतो, त्याच्या मागचा अजून थोडा जास्त, आणि शेवटचा सगळ्यात जास्त. हे कुठल्याही ग्रुपमधे होतं.

सातव्या नंबरची बाइक एका वळणावर आली. वरून बांबूची पानं पडून रस्त्यावर चिकटलेली, कडेने लाल चिखल वाहून आलेला आणि पलीकडे एक गाय बसलेली. मुलाने घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबला. मागचं चाक जॅम झालं, गाडी आडवी झाली आणि दोघं घसरत गेले. चालवणाऱ्याचं कॉलरबोन मोडलं. मागे बसलेल्याचं हेल्मेट म्हणजे नुसती टोपी होती, ती मागे उलटली आणि त्याची हनुवटी फाटली.

मागच्या दोन बाइकवाले थांबले. पुढच्या सहा जणांना पत्ताच नाही, ते नेत्रावळीच्या बुडबुड्याच्या तळीवर जाऊन बसले, तिथे फोनला नेटवर्क मिळेना. पंचवीस मिनिटांनी त्यातला एक जण परत फिरला. तोपर्यंत शेजारच्या कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, एक काका धावत आले होते, त्यांनीच १०८ ला फोन केला. पोरं फोन करायला घाबरत होती, पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून. त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ ए कलम आलंय आणि अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस करता येत नाही. मुलाचा फोन लॉक, आईचा नंबर कोणाकडे नाही, ब्लड ग्रुप कोणाला माहीत नाही. मडगावच्या हॉस्पिटलात पोचल्यावर दोन तासांनी घरच्यांना कळलं.

पुढे कागद बघितले तेव्हा आणखी गोष्टी बाहेर आल्या. पडलेल्या गाडीचा इन्शुरन्स संपून दोन महिने झालेले. आणि दुसऱ्या एका बाइकवरचा फर्स्ट इयरचा मुलगा सतरा वर्षांचा, लायसन्सच नाही. सोळा ते अठरा वयात लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, म्हणजे घरातली ११० सीसीची स्कूटरसुद्धा त्याला चालत नाही, बाइक तर लांबच. आणि पकडला तर कलम १९९ ए खाली पालकांना किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. हे मी जेव्हा वर्गात सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत सगळे गप्प झाले, कारण निम्म्या वर्गाला ते लागू होतं.

क्लब बंद झाला. बरोबरच झालं.

आठवड्याने त्या मुलाची आई कॉलेजात आली. मी बोलणी खायची तयारी करूनच समोर बसले. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "मॅडम, त्यांच्या मागे कोण होतं?" मी सांगितलं, दोन बाइक होत्या. ती म्हणाली, तसं नाही, मागे राहायचं काम कोणाचं होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लॅबमधल्या फळ्यावर

पुढच्या सोमवारी मी त्या सगळ्यांना लॅबमधे बोलावलं. ओरडायला नाही. फळ्यावर रस्ता काढला आणि प्रत्येकाला विचारलं, त्या मिनिटाला तू कुठे होतास, तुझ्या आरशात काय दिसत होतं. नऊपैकी सहा जणांना आरशात कोणीच दिसत नव्हतं आणि त्याबद्दल कोणाला काही वाटलंही नव्हतं. तीन गाड्यांचे आरसे काढूनच टाकलेले होते. हा तास मला वाटतं क्लबच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा तास, कारण चूक कोणाची हे शोधणं सोडून काय काय नव्हतं याची यादी पोरांनी स्वतः केली. शेवटी कोण आहे ते ठरलेलं नव्हतं, वळणावर थांबायचं ठरलेलं नव्हतं, नंबर नव्हते, हेल्मेट बघितली नव्हती, कागद बघितले नव्हते, आणि ब्रेक कसा मारायचा हे चौदांपैकी एकालाही कोणी शिकवलेलं नव्हतं. अकरापैकी पाच जण राहिले. त्यातला एक गळ्यात झोळी अडकवलेला, हात बांधलेला तो मुलगा.

मी अट घातली. चार महिने राइड नाही, शनिवारी दोन ते चार कँटीनमागच्या शेडमधे गाड्या उभ्या करायच्या आणि शिकायचं.

नाक्यावर एक जुने मेस्त्री आहेत, माझ्या स्कूटरचं काम तेच करतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, पोरं हात काळे करणार असतील तर येतो. पोस्टर यावेळी साधं लिहिलं, स्कूटर घेऊन या, हवा आणि ब्रेक बघून घ्या. तीसेक गाड्या आल्या आणि त्यातल्या बहुतेक मुलींच्या! ज्यांना पहिल्या पोस्टरने दारातूनच परत पाठवलं होतं त्या सगळ्या तिथे रांगेत उभ्या होत्या.

त्या दिवशीची एक गोष्ट सांगते. सावई वेऱ्याची एक सेकंड इयरची मुलगी, आईची जुनी स्कूटर. मेस्त्रींनी मागच्या ब्रेकचा लिव्हर दाबला तर तो थेट हँडलच्या ग्रिपला टेकला. ब्रेक जवळजवळ नाहीच. त्यांनी विचारलं, किती दिवस असं? ती म्हणाली, दोन महिने, सवय झाली. त्या उतारांवरून, त्या पावसात, ती दोन महिने पुढच्या ब्रेकवर आणि पाय टेकवून येत होती. मेस्त्रींनी तिलाच खाली बसवलं, मागच्या चाकाजवळचा ॲडजस्टर नट दाखवला, पाना हातात दिला. एक आटा फिरव, लिव्हर दाब, परत एक आटा. पाचव्या आट्याला लिव्हर मधेच घट्ट थांबला. मग चाक उचलून हाताने फिरवायला लावलं, कुठे घासत नाही ना बघायला. ती दोन मिनिटं नुसती लिव्हर दाबत सोडत बसली होती. तीच पुढे क्लबची सेक्रेटरी झाली.

टायरची हवा हे दुसरं प्रकरण. मागच्या टायरला २९ पीएसआय लागते तिथे १८, २०, एका गाडीला १५. स्कूटर मऊ चालते म्हणून मुलांना बरं वाटतं, पण ओल्या वळणावर तोच टायर दगा देतो. टायरच्या खाचांमधे एक बारीक उंचवटा असतो, तिथपर्यंत रबर झिजलं की टायर बदलायचा, ही खूण कोणालाच माहीत नव्हती. बाइकवाल्यांच्या चेनी कोरड्या आणि लोंबणाऱ्या. पाचशे-सहाशे किलोमीटरला चेन पुसून तेल द्यायला दहा मिनिटं लागतात, पावसात तर त्याच्याही आधी.

फी आम्ही दोनशे रुपये ठेवली. त्यातून पान्यांचा सेट, दोन प्रेशर गेज, चेनचा स्प्रे आणि एक बरी फर्स्ट एड पेटी आली. पुढच्या महिन्यापासून स्पॉन्सर वगैरे आणायचं एकाने सुचवलं, मी नको म्हटलं. स्पॉन्सर आला की त्याला फोटो लागतात आणि फोटोला राइड लागते.

चुन्याच्या रेषा

जानेवारीत कॉलेजच्या आवारातल्या सरळ डांबरी पट्ट्यावर, दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून, ब्रेकची टेस्ट घेतली. खेळाच्या मैदानावर मारतात तोच चुना आणला. एका रेषेवर ब्रेक मारायचा, जिथे थांबलात तिथे दुसरी रेष. आधी वीसच्या स्पीडने. अडीच-तीन मीटर. मग चाळीसने. पोरांना वाटत होतं पाच-सहा मीटर होतील, दुप्पट स्पीड म्हणजे दुप्पट अंतर. झाले दहा-अकरा. वर्गात मी दर वर्षी फळ्यावर लिहिते की थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, दुप्पट वेगाला चौपट, आणि दर वर्षी पोरं ते परीक्षेपुरतं लिहितात. तिथे चुन्यावरून चालत जाताना त्यांना ते पायाला कळलं.

मग चाळीसच्या स्पीडला फक्त मागचा ब्रेक. ही टेस्ट आम्ही जुन्या बाइकवरच घेतली, कारण २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्र लागणारे ब्रेक आले, एका लिव्हरने दोन्ही चाकं धरतात, आणि त्याच्यावरच्यांना एबीएस, म्हणजे चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा. जुन्या बाइकवर मागचा एकटा ब्रेक म्हणजे जवळजवळ दुप्पट अंतर आणि डांबरावर काळा पट्टा. ब्रेक लागला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते चटकन जॅम होतं आणि गाडी थांबवतं मात्र कमी. तो ऑगस्टमधला मुलगा, हाड तोपर्यंत जुळलं होतं, त्याने स्वतःहून मागून घेऊन ती टेस्ट केली, मग दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत. गाडीवरून उतरला आणि त्या दोन रेषांच्या मधे बराच वेळ उभा राहिला. मी काही बोलले नाही.

त्या अंतरात अजून एक गोष्ट मोजलेली नाही हे मग मी दाखवलं. चाळीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. गाय दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. ते अकरा मीटर चालून दाखवले आणि तिथे एक पोरगी गाय म्हणून उभी केली. यानंतर ग्रुपमधे दोन गाड्यांत किती अंतर ठेवायचं यावर वाद झाला नाही.

नियमांचं पान आम्ही त्याच आठवड्यात लिहिलं, एकच पान. त्यातला जो नियम मी कोणालाही सोडू देत नाही तो शेवटच्या गाडीचा. शेवटी कोण हे निघण्याआधी ठरतं, त्याच्याकडे फर्स्ट एड आणि सगळ्यांच्या घरचे नंबर, आणि सगळ्यांनी त्याच्या पुढे राहायचं, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढून दुसरी गाडी थांबते आणि शेवटचा दिसेपर्यंत हलत नाही. एका गटात पाचच गाड्या. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआयचं, मागच्या माणसालाही तेच. लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी डिजिलॉकरमधे दाखवायचं. सतरा वर्षांची मुलं शेडमधे मेंबर, रस्त्यावर नाही, अठरा झाली की लर्निंग काढायचं, मग तीस दिवसांनी टेस्ट, मग राइड. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर क्लबमधे बंदी घातली, कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसे बदल कायद्यानेही चालत नाहीत. त्यावरून दोन जण सोडून गेले. मला वाईट वाटलं, दोघंही हाताने चांगले होते.

रेस नको, पण चुरस हवी

पोरांना स्पर्धा लागते, हे मी नाकारत नाही. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रेस किंवा वेगाची चाचणी हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. इंजिनियरिंगवाल्यांना पीथमपूरच्या बाहासारख्या स्पर्धा आहेत, स्वतः गाडी बनवून न्यायची, पण त्याला वर्कशॉप आणि लाखांत पैसे लागतात. आमच्यासारख्यांना परवडणारी चुरस म्हणजे टीएसडी, टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली. इथे जोरात जाणारा हरतो. दिलेल्या सरासरी वेगाने, दिलेल्या वाटेने, बरोबर सेकंदाला पोचायचं.

हिशोब सोपा वाटतो. ताशी ३० म्हणजे किलोमीटरला दोन मिनिटं, २४ म्हणजे अडीच, ३६ म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद. पण मधे म्हशी येतात, बस अडवते, आणि गाडीचा मीटर खोटं बोलतो. आमच्या मोजलेल्या पाच किलोमीटरला एका स्कूटरने ५.३ दाखवले, एका बाइकने ४.९. म्हणून आधी प्रत्येकाने आपल्या मीटरचा फरक काढायचा आणि मागच्या माणसाने वाटेत सतत गुणाकार करत राहायचं. वाटेची चित्रं असतात, खालचा गोळा म्हणजे आपण येतो ती बाजू, बाणाचं टोक म्हणजे जायची बाजू, हॉलंडमधल्या ट्युलिप रॅलीत ही पद्धत आली म्हणून त्यांना ट्युलिपच म्हणतात. सेक्रेटरीने ती चित्रं स्वतः काढली, चार रविवार वाट फिरून, फोंडा, केरी, सावई वेरें, वळवई, बेतकी, माशेल, बाणस्तारी, म्हार्दोळ आणि परत फोंडा. चाळीसेक किलोमीटर. उशिरा आलात तर सेकंदाला एक गुण वजा, लवकर आलात तर दोन, म्हणजे घाई करण्यात काही मिळतच नाही. सरासरी कुठेही तीसच्या वर नाही आणि बाजार, देवळं, शाळा असलेला भाग वेळेतून वगळलेला.

पोलिसांकडे आणि पंचायतींकडे लेखी अर्ज दिले, नकाशा आणि वेळापत्रक जोडून. ट्रॅफिकच्या साहेबांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, रेस आहे का? सेक्रेटरीने गुणांचा तक्ता पुढे ठेवला. ते वाचून त्यांनी विचारलं, म्हणजे लवकर आला तर डबल दंड? आणि मग दोन हवालदार बाणस्तारीला उभे करतो म्हणाले.

मार्च २०२३ च्या एका रविवारी अठरा जोड्या निघाल्या, एक-एक मिनिटाच्या अंतराने. मागे बसायला घरचं कोणीही चालेल असं ठेवलं होतं म्हणून तीन जणांनी आईला आणलं, एकाने आजोबांना. पहिली आली ती बीकॉमच्या दोन मुलींची ११० सीसीची स्कूटर, चार कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवायच्या जागा, मिळून एकूण एकवीस गुण वजा. सगळ्यात मोठ्या बाइकचे दोनशेच्या वर गेले, सगळे लवकर येण्याचे.

शेवटची गाडी चालवायचं काम त्या मुलाने मागून घेतलं होतं. सतरा जोड्या आल्या, साडेदहा वाजले, अठरावी नाही आणि तो पण नाही. कँटीनमधे भाजी गरम होती पण कोणी खायला गेलं नाही, सगळे गेटवर. वळवईला त्या जोडीची स्कूटर पंक्चर झाली होती. त्याने तसा फोन वेळेवर केला होता, तरी गेटवरून कोणी हललं नाही. अकरा वाजून सात मिनिटांनी ती स्कूटर गेटमधून आत आली, तिच्या मागे वीस मीटरवर तो. सेक्रेटरीने यादीत अठराव्या नंबरपुढे टिक केली, त्याच्या नंबरपुढे टिक केली, वेळ लिहिली आणि पॅड माझ्याकडे सहीला दिलं.